कार्डबाबा आणि चार नंबरचं बटण

सकाळी साडेनऊलाच रांग जिन्यावरून उतरून माझ्या दुकानाच्या दारापर्यंत यायची. मी पासपोर्टचे फोटो काढतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, चला, धंदा वाढला. पण फोटो कुणालाच नको होता. प्रत्येकाच्या एका हातात बँकेचं कार्ड, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि नजर वरच्या मजल्याकडे. तिथे कार्डबाबा बसत.

आमचं गाव सरहद्दीवरचं. पूल ओलांडला की शेजारचा देश. खरेदीला, कामधंद्याला, दवाखान्याला माणसं सारखी तिकडे जातात, आणि बऱ्याच जणांचं कार्ड तिथे ऐन वेळी दगा देतं. चपलांचा दुकानदार असाच तिकडच्या हॉटेलात अडकला होता. मशीनने तीनदा नकार दिला आणि हॉटेलवाल्याने त्याची बॅग ठेवून घेतली. परत आल्यावर तो बाबांकडे गेला. बाबांनी कार्ड मंतरून दिलं. पुढच्या खेपेला तेच हॉटेल, तेच कार्ड, आणि पैसे पहिल्या फटक्यात गेले. दुकानदाराने ही हकिगत एवढ्या जणांना सांगितली, की महिन्याभरात बाबांना खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या.

तीन वर्षांपूर्वी हेच बाबा बाजारात मोबाइलची कव्हरं विकत. तेव्हा त्यांना दाढी नव्हती आणि दिव्यदृष्टीही नव्हती.

मी हे सगळं लांबून बघून हसत होतो. पण एके दिवशी माझी मावशीच रांगेत उभी दिसली, शेजारी काका. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुलापलीकडच्या दवाखान्यात ठरलं होतं, पुढच्या मंगळवारी. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि दुसराही त्याच वाटेवर होता. दवाखान्याने आगाऊ रक्कम कार्डाने भरायला सांगितलं होतं. तिथे कार्ड चाललं नाही तर तारीख हुकणार, या धास्तीने काकांची झोप उडाली होती.

मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, तू पण? तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली बाई, शेजारीण अंगात आलंय म्हणून घुमायला लागली तर आधी ताप बघणारी. ती म्हणाली, "त्यांच्या जिवाला बरं वाटतंय ना, मग दोन जिने चढायला माझं काय जातंय? आणि मला बघायचंच आहे, हा मनुष्य करतो काय."

मग मीही दुकानाला कुलूप लावून वर गेलो.

दारात चष्मेवाला शिष्य बसला होता. त्याने आधी दक्षिणा घेतली, मग एक कागद भरून घेतला. नाव, बँक, आणि ग्रह बघण्यासाठी जन्मतारीख. कार्ड आणि मोबाइल तबकात ठेवायला सांगितलं. मावशीचा मोबाइल साधा, बटणांचा. तो बघून शिष्याचं तोंड जरा उतरलं, पण तबक घेऊन तो पडद्याआड गेला.

इकडे बाबा बोलत होते. "परदेशातलं मशीन म्हणजे परका माणूस. ते तुमच्या कार्डाला ओळखत नाही. मी दोघांची ओळख करून देतो." लोक माना डोलावत होते. मग पथ्य आलं. तिकडे मशीन विचारेल की पैसे आमच्या चलनात द्यायचे की तुमच्या? तेव्हा आपलंच चलन निवडायचं. परक्या चलनाला हो म्हटलं की आशीर्वाद उतरतो. आणि नोटा बदलायच्या तर पुलापलीकडच्या एकाच दुकानात, तिथली जागा पवित्र आहे. ते दुकान बाबांच्या मेहुण्याचं, हे मला फोटोच्या धंद्यामुळे ठाऊक होतं. त्याच्या पासपोर्टचा फोटो मीच काढला होता.

एवढ्यात पडद्याआडून बारीक आवाज यायला लागले. टीं, टूं, टीं. बाबांनी लगेच मंत्राचा आवाज चढवला. पण मावशीने मान तिरकी केली आणि डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं, तिची श्रद्धा जागी झाली. त्यांनी समाधानाने माझ्याकडे बघितलं.

दहा मिनिटांनी तबक बाहेर आलं. कार्डाला अत्तर लावलं होतं. बाबा म्हणाले, झालं, ओळख झाली.

मावशीने मोबाइल उचलला, चष्मा लावला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, माझ्या फोनवरून तुम्ही कुणाला फोन केलात?"

बाबांनी सांगितलं की मंत्राच्या लहरींनी यंत्र कधीकधी आपोआप वाजतं.

"आपोआप बँकेला लागतो होय?" मावशीने कार्ड उलटं करून मागे छापलेला नंबर बाजूच्या बाईला दाखवला, मग फोनचा पडदा. दोन्ही नंबर एकच. "तीस वर्षं मी नंबर जोडले. बटणांचा आवाज मला कळतो. तरी माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आपण ऐकूच."

तिने तोच नंबर पुन्हा लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. फोनमधल्या बाईने स्वागत केलं, कार्डाचा नंबर दाबायला सांगितला, मग जन्मतारीख. मावशीने फोन पदराआड धरून दोन्ही आकडे दाबले. मग ती बाई गोड आवाजात म्हणाली, "परदेशात कार्ड वापरण्याची सोय सध्या सुरू आहे. बंद करण्यासाठी किंवा पुन्हा सुरू करण्यासाठी चार दाबा."

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा हसला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळी खोली. पुढच्याच खुर्चीत बसलेला चपलांचा दुकानदार मात्र हसला नाही. तो स्वतःच्या मोबाइलकडे बघत होता.

मावशीने उलगडून सांगितलं. चोरीचा धोका नको म्हणून बँका परदेशातला वापर बहुधा बंदच ठेवतात. ज्याचं त्याने तो सुरू करायचा असतो, फोन करून नाहीतर मोबाइलमधल्या बँकेच्या ॲपमधून. शिष्य आत बसून तेवढंच करत होता. ज्यांचं कार्ड तरीही चालत नसे, त्यांची श्रद्धा कमी पडली असं ठरे.

"पण काम तर झालं ना?" बाबांनी शेवटचा डाव टाकला.

"झालं," मावशी म्हणाली. "आज तुमच्या माणसाने चार दाबलं. उद्या त्याला पाच दाबावंसं वाटलं तर? आमचं कार्ड आत, फोन आत, जन्मतारीख आत. आम्ही मात्र बाहेर हात जोडून बसलेलो."

आता कुणीच हसलं नाही. लोकांनी आपापली कार्डं खिशात घातली. काकांनी मला हळूच विचारलं, म्हणजे आपलं कार्ड चालणार ना? मी म्हटलं, चालणार. त्यांचा चेहरा खुलला. चमत्कार गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, त्यांना डोळा हवा होता.

मंगळवारी मीही सोबत गेलो. टॅक्सी आणि चहापुरत्या नोटा आम्ही आदल्या दिवशी बँकेतूनच बदलून घेतल्या होत्या. दवाखान्याच्या खिडकीवर मशीनने खरंच विचारलं, कोणतं चलन? मावशीने दोन्ही आकडे कागदावर मांडले. आपल्या चलनाचा दर त्या मशीनवाल्याने स्वतःचा नफा धरून लावला होता, आपली बँक लावते त्यापेक्षा बराच चढा. तिने तिथलं चलन निवडलं. कार्ड चाललं. चौथ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा काकांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि ते दोन मिनिटं मागे असल्याचं नर्सला सांगितलं.

बाबांनी महिनाअखेर खोली सोडली. लोक त्यांना शिव्या देतात. मी देत नाही. परदेशातला वापर कसा सुरू करायचा, हे बँकेने मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. त्या न वाचलेल्या ओळीवर त्या माणसाने चार महिने पोट भरलं. उद्या तो दुसऱ्या गावात दुसऱ्या कशाचा तरी बाबा होईल. तेव्हा चमत्काराला नमस्कार करण्याआधी थोडं थांबा आणि विचारा, हे कसं झालं? खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या हाती आपलं कार्ड तर नकोच, आपली अक्कलही देऊ नका.