तुरेवालीचं ड्रेसिंग

"कापून टाक तिला. संध्याकाळपर्यंत राहायची नाही ती," महिपती दारातूनच बायकोला म्हणाला. "रस्सा तरी होईल."

राधाबाईंनी वर पाहिलंही नाही. तुरेवाली कोंबडी टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली होती. पहाटे गल्लीतला तांबडा कुत्रा जाळीखालची माती उकरून खुराड्यात शिरला होता. बाकीच्या कोंबड्या उडून वर बसल्या. ही मात्र पिल्लांवर पंख पसरून तशीच राहिली आणि पाठीवर दात घेतले.

"एवढंसंच तर लागलंय," शेजारचे अनंतराव कुंपणावरून म्हणाले.

"वरून एवढंसंच दिसतं," म्हणत राधाबाईंनी जखमेभोवतीची पिसं कातरली. खाली खोल भोकं निघाली.

"जाळी मात्र शाबूत आहे हो, महिपतराव. एक तार हलली नाही," अनंतरावांनी टोमणा मारला.

बिबवेवाडीतल्या निम्म्या खिडक्यांना महिपतीच्या हातची ग्रील होती आणि खुराड्याची जाळीही त्यानेच बसवली होती. त्याला ते झोंबलं. तो खुराड्याकडे गेला.

राधाबाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या ड्रेसिंग रूममध्ये आया म्हणून गेली होती. सिस्टर जखम धुवायच्या, या ट्रे धरायच्या. ट्रे जरा कलला की सिस्टर म्हणायच्या, "मावशी, सरळ धरा." मग सिस्टर चहाला जायच्या आणि ट्रे घासायला मावशींकडे राहायचा. जखमेला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. पण बघायला कोणी मना केलं नव्हतं. आज त्यांनी मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक जखम स्वतः धुतली. घाण निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग कोंबडी पिशवीत घालून त्या रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेल्या.

"कोणी धुतलीय ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच."

"छान धुतलीय. टाके नको घालायला, आत पू धरेल. हे औषध पाण्यातून द्या आणि रोज अशीच धुवा. जगेल."

परत येताना राधाबाई रिक्षात टेकून बसल्याच नाहीत. ऊर भरून आला होता आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी तुरेवालीलाच सांगितलं, "ऐकलंस ना?"

घरी आल्या तर महिपती कुत्र्याने उकरलेल्या खड्ड्यापाशी बसलेला. खड्ड्यात पिसं होती, जुनी आतडी होती. दर रविवारी तो एखादा कोंबडा कापायचा. घंटागाडीच्या बादलीला वास येतो म्हणून अनंतराव कटकट करायला लागले, तेव्हापासून सगळी घाण तो जाळीच्या पायाशीच पुरत होता.

"कुत्र्याला मीच वाढत होतो गं," तो म्हणाला. "इतके दिवस."

राधाबाईंना राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून तो तोंडाशी येईना. "खालून काहीतरी करा आता," एवढंच त्या म्हणाल्या. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून मारतील, म्हणून तुरेवालीचं खोकं त्यांनी स्वयंपाकघरात ठेवलं.

दुपारभर महिपती राबला. जाळीच्या खालच्या कडेला आणखी जाळी जोडून ती त्याने बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरली, वर माती आणि दगड टाकले. रविवारच्या घाणीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणला.

दुसऱ्या दिवशी राधाबाई पाणी घेऊन बसल्या, तेव्हा तो आपणहून समोर आला. कापूस, कात्री, औषध ठेवलेलं ताट त्याने उचललं.

"सरळ धरा," राधाबाई म्हणाल्या.

त्याने सरळ धरलं. रोज धरलं.

जखम भरली तेव्हा पाठीवर तळहाताएवढा उघडा डाग राहिला होता. त्यात नवी पिसं टोकं काढत होती. राधाबाईंनी तुरेवालीला खुराड्यात सोडलं, तशी पिल्लं धावत तिच्या पोटाखाली शिरली. बाहेर तांबड्याने माती उकरायला घेतली, नखांना तार लागली. जरा वेळ त्याने प्रयत्न केला आणि कंटाळून निघून गेला.

"कुठल्या डॉक्टरचं काम म्हणायचं हे?" अनंतरावांनी विचारलं.

"हिचं," महिपती म्हणाला. "मी नुसता ताट धरायला होतो."

आणि ते ताट घेऊन तो नळाकडे गेला. राधाबाई सवयीने उठल्या होत्या. मग पुन्हा पायरीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून, त्याला ताट घासताना बघत राहिल्या.