बिनसाखरेचा चहा

"हरबऱ्याच्या दाण्यामंदी लाखोळी लपली वं बाई,
निवडून टाक तिले, लेकरू धावत येई."

आई जात्यावर बसली की हे म्हणायची. आई गेली, जातं गेलं, पण वाडी गावातल्या एका रिकाम्या गोदामात गुडघे टेकून केशव फरशीच्या भेगेतून नख फिरवत होता, तेव्हा तोच आवाज कानाशी आला. नखाला एक दाणा लागला. करडा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिरपा.

लाखोळी.

केशवचे वडील मालगुजाराकडे, गावच्या जमीनदाराकडे, राबायचे. दुष्काळात मजुरी म्हणून लाखोळीचीच स्वस्त डाळ पदरात पडायची, तीच रोज शिजायची. तिच्या विषानं पुढे त्यांचे पाय कात्रीसारखे एकात एक अडकले, ते मरेपर्यंत सुटले नाहीत. आता तीच लाखोळी दळून चण्याच्या बेसनात मिसळली जात होती आणि वसतिगृहातल्या पोरांच्या ताटात पडत होती. केशव राज्य सरकारचा अन्न निरीक्षक; पण माल यायचा दुसऱ्या राज्यातून. म्हणून केंद्राच्या अधिकारी शामला देशकर सोबतीला आल्या होत्या. दोन सरकारांनी मिळून घातलेली ही तिसरी धाड. आधीच्या दोन धाडी महाल पेठेतल्या दुकानांवर. तिथेही असंच झाडून-पुसून लख्ख.

"तुमचं राज्य, आमचं केंद्र," शामलाताई म्हणाल्या, "अन् पोतं काही दोघांनाही दिसून नाही राहिलं!"

कडेला उभा असलेला चौकीदार नत्थूजी लगबगीने चहा घेऊन आला. आपला कप उचलून शामलाताई जीपकडे निघून गेल्या.

"घ्या जी साहेब. हा तुमचा, बिनसाखरेचा."

केशवचा हात ओठांपाशी थांबला. या माणसाला तो आज पहिल्यांदा पाहत होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुनीमजी बोल्ले. म्हणे सायेब येतीन, त्यांच्या कपात साखर टाकू नोको." नत्थूजी मोकळेपणी हसला. "पावन्याची खबर आधी आली म्हंजे बरं असते ना जी."

केशवने कप खाली ठेवला. घरी बायको, गोपिका, चमचा भरभरून साखर घालायची आणि तो मुकाट्याने प्यायचा. बिनसाखरेचा चहा तो एकाच ठिकाणी घ्यायचा, कचेरीत त्याचे वरिष्ठ वामनराव साहेब यांच्या टेबलाशी. साहेबांना मधुमेह, चहा घरून थर्मासमध्ये यायचा. केशव नोकरीला लागला त्या दिवशी कचेरीतल्या बाकीच्यांनी त्याचं आडनाव ऐकून आपापले पेले ओढून घेतले होते. साहेबांनी थर्मासच्या झाकणात अर्धा चहा ओतला आणि ते झाकण त्याच्यापुढे सरकवलं. "घे गा. गोड नाही, पण गरम आहे." तेव्हापासून रोज.

आणि धाडीच्या प्रत्येक हुकुमावर सही त्यांचीच.

जीप अमरावती रोडला लागली. ट्रकांच्या रांगेत धूळ खात सरकत राहिली. शामलाताई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या,

"उद्यापासून हे काम बंद, केशवराव. तुमच्या साहेबांनी लेखी कळवलं, बातमी केंद्राकडूनच फुटते म्हणून. आमच्या वरच्यांनी मान डोलावली."

"तुमच्यावर घातलं?"

"कोणावर तरी घालायलाच पाहिजे ना! माझी बदली, गुवाहाटीला." त्या हसल्या. "चहा चांगला भेटते म्हणे तिकडे."

केशव हसला नाही.

"मग हे बेसन जिथं दळतात, ती कळमेश्वरची गिरणी?"

"सोमवारची धाड? ती कायची होते आता! दळा म्हणा निवांत."

मुठीतल्या दाण्याची धार तळव्यात रुतली होती. केशवला वडिलांचे पाय दिसले, कुडाच्या भिंतीला धरून उभे राहू पाहणारे. मग झाकण दिसलं, वाफ येणारं. दोन्ही एकाच वेळी दिसत राहिले आणि त्यातलं कोणतंच पुसलं जाईना.

नाक्यावर ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, हापिसात घेऊ?"

"नाही," केशव म्हणाला. "कळमेश्वरला घ्या. आत्ता."

शामलाताईंनी वळून पाहिलं. "आत्ता? हुकूम कुठंय?"

"अजून आजचा दिवस आहे तुमच्याकडे. तुमच्या सहीनं आत जाऊ. नमुने मी घेतो, पंचनाम्यावर सही माझी. पण कचेरीला फोन करायचा नाही."

"काहून? वामनराव साहेबांना न सांगता? तुमच्यासाठी जीव टाकते तो माणूस."

"टाकतात."

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली होती. इंजिन चालूच होतं. केशवने मूठ उघडली आणि तो दाणा शामलाताईंच्या तळहातावर ठेवला. बोलू लागला तेव्हा कचेरीची भाषा त्याच्या तोंडून गळून गेली होती.

"बदली घेऊ नका, ताई. खबर तुमच्याकडून नाही जात. मले ज्यानं झाकणातला चहा पाजला, तोच देऊन राहिला."