दळून काय कळणार?

हो, मीच बोलतेय, पेटीतली काळी गोळी. कागदावर मला ठणठणीत ठरवलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. असली खोटी शाबासकी हवीय कुणाला?

मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडची पूड मळून, दाबून, भाजून मला घडवलं. मटाराएवढी मी. पत्र्याचे डबे रंगवायच्या कारखान्यात, धुराड्याआधीच्या पेटीत, हजारो बहिणींसोबत जाळीवर ओतली गेले. ओला रंग भट्टीत वाळताना उग्र वाफा सुटतात. त्या आमच्या अंगावर आल्या की आम्ही त्यांची ऑक्सिजनशी गाठ घालून द्यायचो. उरायचं नुसतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. आम्ही मात्र होतो तशाच. अशांना उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारी बाई थोडीच नवरीसोबत नांदायला जाते!

पण हे सगळं घडतं ते अंगावर, वरच्या पातळ थरात. पोटात काय भरलंय, याच्याशी वाफेला काय देणंघेणं?

पुढे वाफा ओढणाऱ्या पंख्याचं तेल गळायला लागलं. तेल जळून जायचं, त्यातला फॉस्फरस मात्र आमच्या अंगावर बसायचा. दिसायला तश्शाच काळ्या, पण काम ठप्प. वाफा आल्या तशा धुराड्यातून निघायच्या आणि खिडकीतून परत आत शिरायच्या.

भट्टीवर अकरा वर्षं काढलेली मावशी म्हणाली, "साहेब, वास येतोय. डोकं ठणकतंय दिवसभर."

"तुम्हालाच कसा येतो, मावशी? बाकी कुणी बोलत नाही ते?"

बाकीच्या बोलतील कशाला? नोकरी कुणाला नकोय? मावशीने तिसऱ्यांदा तक्रार केली, तेव्हा साहेब भडकले. "गोळ्या तपासून घेतो. ठीक निघाल्या, तर तुम्ही घरी बसायचं."

तपासणी प्रयोगशाळेच्या मॅडमकडे गेली. मॅडम कामाला चोख. माझ्या वीस बहिणींना त्यांनी खलात घालून मैद्यासारखं बारीक केलं. म्हणे, नमुना एकजीव हवा! अहो, एकजीव करता करता अंगावरचा थर पोटातल्या मालात कुठल्या कुठे जिरला की! मँगनीज बरोबर, तांबं बरोबर. शेरा पडला, गोळ्या उत्तम. खाली झोकदार सही.

दुसऱ्या दिवशी मावशी थेट प्रयोगशाळेत. "मॅडम, तुमच्या कागदाने मला खोटी ठरवलं. उद्यापासून येऊ नका म्हणालेत. पण माझं नाक खोटं नाही हो."

"मावशी, चाचणी चुकत नसते," मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण उठून भट्टीपाशी गेल्या. पंधरा मिनिटांत कपाळ धरून परत आल्या. येताना पेटीतून मूठभर गोळ्या आणल्या. त्यात मी होते.

मॅडमनी एका नळीत अख्ख्या गोळ्या भरल्या, दुसरीत फोडलेल्या. मला पकडीत धरलं आणि कट्टकन दोन तुकडे. दुखलं? दुखू दे! नळ्या तापवून त्यांत रंगाची वाफ सोडली. माझ्या कोऱ्या बाजूवर ती आली, तशी मी तिथल्या तिथे जाळून दाखवली. शेजारच्या अख्ख्या बहिणी ढिम्म. मग मॅडमनी त्यांचं अंग खरवडून तपासलं आणि फॉस्फरस हाती लागला.

साहेब म्हणाले, "पहिला अहवाल वर गेलाय. आता फिरवलात तर तुमचीच नाचक्की."

"होऊ दे की! तपासायची पद्धत माझी चुकली. मावशींनी का घरी बसायचं?" मॅडमनी तसं लिहून दिलं, खाली सही केली आणि कागद स्वतः वर नेऊन दिला. अस्सा आनंद झाला मला!

भट्टी चार दिवस बंद राहिली. पंखा दुरुस्त झाला, बहिणी सौम्य आम्लात न्हाऊन, अंगावरचा फॉस्फरस धुऊन पेटीत गेल्या, मावशी कामावर आली. मी नाही गेले. अर्धी गोळी जाळीतून खाली पडते. मी इथे, मॅडमच्या टेबलावरच्या बाटलीत.

परवा साहेब बाटली हलवून म्हणाले, "हे भंगार कशाला ठेवलंय?"

टाका ना, खुशाल टाका! पण उद्या कुणी वास येतोय म्हणालं, तर आम्हाला दळायच्या आधी, साहेब, तुम्ही स्वतः भट्टीपाशी उभे राहा. मावशी उभी राहते तितका वेळ.