कौलाची पाठ

कौल उलटं केलं तेव्हा पाठीवरचं साल उन्हात स्वच्छ वाचता आलं — १९२३. पुरुषोत्तमनं त्यावरून अंगठा फिरवला. पुसलं गेलं नाही.

शंभरी ओलांडलेली घरं वगळून रस्ता रुंद करायचा, असा हुकूम होता; या सालानं घराची एकाहत्तरच भरत होती. आणि वृषभावतीकाठच्या या घराचं वय लिहायचं काम, निवृत्तीला चार महिने उरलेल्या या ड्राफ्ट्समनकडे. नदीचा एव्हाना नाला झाला होता, तरी घर अजून तिच्याकडेच तोंड करून होतं — ग्रॅनाइटचे खांब, खिडक्यांवर लाकडी झालरी, ओसरीवरून थेट पाण्यात उतरणाऱ्या सात पायऱ्या... तो पूर्वी एकदा आला होता तेव्हा नऊ होत्या. दोन गाळात गेल्या असाव्यात.

"शहाजीराजांच्या वेळचं घर हे," घरमालकीण श्यामला म्हणाली. बंगळुरातल्या प्रत्येक जुन्या मराठी घराची राजांशी एवढी ओळख असतेच; त्यांना जहागीर मिळाली ती बहुधा गवंडीकामासाठी.

हेच वाक्य त्रेसष्ट साली, याच ओसरीवर, तिचे वडील भगवंतराव म्हणाले होते — हातात उप्पीटाची बशी देत. पुरुषोत्तम मुलगी बघायला आला होता आणि घर बघत बसला होता. सत्तावीस वर्षांचा, डिप्लोमा ताजा... "कमानीच्या पोटात लोखंडी तुळई आहे. राजांना ती कुठून मिळाली?" उप्पीट संपायच्या आत स्थळ संपलं. पुढं त्याचं लग्न झालं, तिचं झालं नाही; याचा तुळईशी संबंध नाही, असं तो एकतीस वर्षं स्वतःला बजावत आला होता. मी खोटं तर बोललो नव्हतो —

"काय लिहिणार, अण्णा?"

मोडलेल्या स्थळाला दुसरं काय म्हणणार!

"बघतो, अक्का."

"स्वल्प वाढवून लिहा. मागं स्वल्प कमी सांगितलं होतंत." तिनं कौल हातातून घेतलं, साल न वाचताच. "घर आजोबांनी बांधलं, मला ठाऊक होतं. तुमचं तुळईचं ऐकून मी दाराआड फस्सकन हसले. ते अप्पांना ऐकू गेलं. नाहीतर तुमचं बोलणं त्यांनी सोडूनही दिलं असतं."

ती कॉफी करायला आत गेली.

कौलं बदलतात, घर जुनंच असतं — असं लिहिता येतं. तुळईही मागाहून घातली असेल... 'बांधकामाचा काळ' या रकान्यावर त्यानं पेन्सिल टेकवली. साल पाठ होतं. तो कान देऊन बसला — आत भांडी वाजत होती, दार अर्धं लोटलेलं होतं — आणि ते हसणं कसं असेल, ते काही केल्या त्याला जुळवता येईना.