दरडीची लेकरं

फिदेन्सियाने पन्नास वर्षांत एकदाच लेकरं आणायला नकार दिला, आणि तोही जेमतेम आठवडाभर टिकला.

एलेचाल ही मेक्सिकोतल्या माझातेक डोंगरातली चाळीसेक घरांची वस्ती. कॉफीची झुडपं, मक्याची उतरती शेतं आणि दाराशी येऊन बसणारं धुकं. तिथे फिदेन्सिया म्हणजे वेचणारी. लग्न तिने केलं नाही. सात वर्षांची असल्यापासून दर पावसाळ्यात ती उजाडायच्या आत डोंगरात जायची आणि केळीच्या पानात गुंडाळून अळंबी घेऊन यायची. अळंबी हा शब्द मात्र तिच्या तोंडी कधी आला नाही. आमच्याकडे त्यांना लेकरं म्हणतात, कारण ती बोलतात. खुडताना ती त्यांना म्हणायची, "उठा रे बाळांनो, कुणीतरी आजारी आहे. काम पडलंय तुमच्याशी."

लेकरांतही घराणी असतात. कुरणात गवताच्या मुळाशी उगवणारी बारीक, टोकदार, ती पाखरं. गाईच्या शेणात वाढणारी सोनेरी, जाडजूड, ती शेणातली. आणि तिसरी दरडीची. डोंगर जिथे तुटतो, जिथली माती उघडी पडते, तिथेच ती येतात, दुसरीकडे कुठेही नाही. फिदेन्सियाचा जीव होता तो या तिसऱ्यांवर. "शेणाच्या गादीवर कुणीही मोठं होईल," ती म्हणायची. "फुटलेल्या मातीतून डोकं वर काढून दाखवा."

त्या नकाराच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरात, वस्तीच्या वरचा कडा कोसळला. सलग नऊ दिवस पाऊस होता. फिदेन्सियाच्या कॉफीच्या रोपांत पाणी शिरत होतं, म्हणून तिने धाकट्या भावाला, एर्मिनियोला, निरोप धाडला की वरचा चर मोकळा करून दे. तो फावडं घेऊन गेला आणि दुपारी डोंगर खाली आला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. वस्तीने त्याला रीतीप्रमाणे पुरलं, नऊ रात्री प्रार्थना केली, शेवटच्या रात्री भुईवर मांडलेला क्रूस रीतीने उचलला. सगळं झालं. पण त्याची बायको तोमासा त्या दिवसापासून गप्प झाली ती झालीच. नणंदेशी तर नाहीच, पोटच्या मुलीशीही अक्षर नाही. चुलीपुढे बसायची आणि आगीकडे बघत राहायची. बाजाराच्या गावातल्या डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, सुया टोचल्या. रोग काही नाही म्हणाला. इकडे बाई वाळत चालली होती.

फिदेन्सियाने मनाशी ठरवून टाकलं होतं की हा अबोला म्हणजे आपल्याला दिलेली मुकी शिवी आहे. तिने भावजयीच्या घराकडची वाटच सोडली.

जून उजाडला. त्या वर्षी पाऊस तुटक-तुटक होता. कुरणात पाखरं उगवलीच नाहीत. अशात एक दिवस फिलोगोनियो तिच्या दारात आला. फिलोगोनियो म्हणजे वस्तीतला जाणता, लेकरं खाऊन, त्यांच्याबरोबर रात्र जागवून आजाऱ्याची गाठ सोडवणारा. पंच्याहत्तरी उलटली होती, एका कानाने ऐकू येत नव्हतं, सगळे त्याला तात्या म्हणत.

"आहेस का गं घरात, की धुक्यात विरघळलीस?"

"विरघळले असते तर फुकटची कॉफी कुणी पाजली असती तुम्हाला? बसा, तात्या."

तो बसला. कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "तोमासासाठी कौल लावला, मक्याचे दाणे टाकले. तीनदा टाकले. तिन्ही वेळा एकच. तिचा जीव वर दरडीत अडकलाय. अंग तेवढं घरी आलंय."

फिदेन्सिया पाट्यावर मका वाटत राहिली.

"लेकरं पाहिजेत," तात्या म्हणाला. "आणि ती आहेत. दरडीवर आलीत. खालच्या वाटेवरून मला वास आला."

"तिथून मी आणणार नाही."

"का?"

"तिथे माणूस मेलाय, तात्या. तुम्हीच शिकवलंत ना, मेलेल्याची सावली पडली की लेकरं विटाळतात?"

"त्याला आपण पुरला. जागा धुरवली. डोंगराच्या धन्याला कोको दिला, अंडं दिलं. मी स्वतः दिलं. आता तिथे काही नाही, माती आहे."

"मग शेणातली आणते. दोन टोपल्या आणते."

तात्या हसला. "शेणातली गाईंबरोबर समुद्रापलीकडून आलेली पाहुणी मंडळी. गोड आहेत, गप्पिष्ट आहेत. पण त्यांना आपल्या डोंगराच्या वाटा काय ठाऊक? तोमासा जिथे हरवलीय तिथे जन्मलेलंच कुणीतरी तिला हात धरून आणेल."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुणाला ती दिसत नाहीत," तात्या म्हणाला, पेला खाली ठेवला आणि गेला.

पाच दिवस गेले. मग तोमासाची मुलगी एलोइसा आली. ती खालच्या वाडीत दिली होती, पाठीवर तान्ही पोर बांधलेली. आली ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

"आत ये की गं," फिदेन्सिया म्हणाली.

"नाही येत. आत्या, काल आईच्या मांडीवर हिला ठेवली. आईने बघितलंसुद्धा नाही. पोर रडून लाल झाली तरी नाही." तिचा आवाज घोगरा झाला. "तुम्ही दोघी एकमेकींवर काय धरून बसलायत ते तुमचं तुम्हाला लखलाभ. बाप तर गेलाच. आता आईपण नेऊन पोचवायची का तिकडे?"

"मी काय करू शकते?"

"जे फक्त तुला येतं ते कर! मला आलं असतं तर तुझ्या दारात आले असते का?"

ती वळली आणि झपाझपा उतरून गेली. फिदेन्सियाने हातातलं काम टाकलं. मग उठून तिने अंघोळ केली आणि व्रत धरलं. चार दिवस मांस नाही, भांडण नाही, वाईट विचार नाही. पाचव्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती केळीचं पान आणि मूठभर कोकोच्या बिया घेऊन निघाली.

ओढा ओलांडल्यावर तिला मागून पावलं ऐकू आली. लेकरं आणायला जाताना कुणाची नजर पडू नये असा नेम, म्हणून ती चिडून वळली. मागे तोमासा होती. अनवाणी, केस मोकळे, रोजचाच भरतकामाचा झगा अंगात.

"घरी जा," फिदेन्सिया म्हणाली. "तोमासा, ऐकतेस का? हे तुझं काम नाही. पाय घसरेल."

तोमासा उभी राहिली. फिदेन्सिया चालू लागली तशी तीही चालू लागली. पुन्हा वळून हाकललं, पुन्हा तेच. शेवटी फिदेन्सियाने नाद सोडला. दोघी एकामागे एक चढत राहिल्या.

झाडी संपली आणि दरड समोर आली. लाल माती, उलटी झालेली झाडं, वरून खालपर्यंत गेलेला ओरखडा. नऊ महिन्यांत फिदेन्सिया पहिल्यांदाच तिथे उभी होती. तिने कोकोच्या बिया मातीत पुरल्या, धन्याची परवानगी मागितली आणि शोधायला लागली.

तिला काहीच दिसेना. जी नजर धुक्यात, पाचोळ्याखाली, दहा हातांवरून लेकरू ओळखायची, तिला नुसती माती दिसत होती. तिने वास घेतला. वास होता, नुकत्याच दळलेल्या पिठासारखा, चिरलेल्या काकडीसारखा. म्हणजे ती होती. इथेच होती. पण डोळ्यांत पाणी इतकं भरून येत होतं की सगळं एकजीव दिसत होतं.

"रुसलात का रे?" ती हळूच म्हणाली. "नको म्हटलं मी, चुकले."

तेवढ्यात तोमासा पुढे गेली, एका मोडक्या बुंध्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि तळहात जमिनीवर ठेवला. फिदेन्सिया तिच्याजवळ गेली. डोळे पुसले.

असं पीक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. वीस-वीस, तीस-तीसचे झुबके, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मातीचं ढेकूळ उचलून वर आलेले. टोप्या काळपट तपकिरी, मधात बुडवून काढल्यासारख्या तुकतुकीत. कडा आत वळलेल्या. ज्या उन्हाकडे तोंड करून होत्या त्या सुकून गवताच्या काडीसारख्या फिकट पडलेल्या, म्हणजे एकाच आईची दोन रंगांची पोरं. देठ चिवट, पांढुरके, आणि त्यांच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, भोवतालचा सैल चिखल घट्ट धरून ठेवणारं. सगळा उतार अजून ढासळत होता. एवढी जागा तेवढी स्थिर होती.

तिने एक खुडलं. बोट लागलं तिथे देठ निळा पडला, गडद, माराचा वळ उमटावा तसा.

तोमासाने ते निळं बघितलं. बोट पुढे करून त्या डागावर फिरवलं, जसं लहान मुलाच्या लागलेल्या गुडघ्यावरून फिरवतात. आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. आवाज मात्र नाही.

फिदेन्सियाने जोड्या जोड्यांनी लेकरं खुडली, कारण ती एकेकटी घेत नाहीत, नवरा-बायको असल्यासारखी दोन-दोन घेतात. पानात बांधली. उतरताना तिने तोमासाचा हात धरला. तोमासाने तो सोडवला नाही. वाटेत देवळात पुडकं वेदीपुढे ठेवून मग दोघी घरी आल्या.

त्या संध्याकाळी तात्याने तोमासाच्या घरातल्या देव्हाऱ्यापुढे फुलं मांडली, मेणबत्त्या लावल्या, कोपालचा धूप घातला. चुना घालून कुटलेली हिरवी तंबाखू सगळ्यांच्या कोपरांना चोळली. स्वतःपुढे सहा जोड्या ठेवल्या, तोमासापुढे चार. मग तीन जोड्या उचलून फिदेन्सियाकडे सरकवल्या.

"मी कशाला?" ती दचकली. "मी आजारी नाही."

"पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घरी पोचवलीस. कधी तुझ्याशी बोलू दिलंस त्यांना?"

"मला भीती वाटते, तात्या."

"वाटणारच. ही खरं बोलतात. खा, पुढच्या दातांनी. सावकाश."

ती कडू होती, आणि कडूपणाखाली मातीची चव होती. मेणबत्त्या विझल्या. तात्या गायला लागला. घोगऱ्या, थकलेल्या आवाजात तो डोंगराला, पाण्याला, संतांना हाका मारत होता. बऱ्याच वेळाने फिदेन्सियाला वाटलं की हा आवाज तात्याचा नाही, जमिनीखालचा आहे. पांढऱ्या दोऱ्या तिला दिसल्या, सगळ्या डोंगराच्या पोटातून गेलेल्या, तुटलेल्या जागी गाठ मारत चाललेल्या. कुणी घाई करत नव्हतं. कुणी दोष देत नव्हतं. जिथे फाटलं होतं तिथे काम चाललं होतं, इतकंच.

मग अंधारात तोमासा बोलली. नऊ महिन्यांनी गंजलेला आवाज.

"मी पाठवला त्याला."

तात्याचं गाणं थांबलं नाही, फक्त हळू झालं.

"त्याची दाढ दुखत होती. पडून होता. उद्या जातो म्हणाला. मी म्हटलं, बहिणीने एक काम सांगितलं तर बाईसारखा कण्हत पडलायस, ऊठ. फावडं मी हातात दिलं त्याच्या, ताई. मी. कोणत्या तोंडाने तुझ्याशी बोलू?"

एवढे दिवस फिदेन्सिया जिच्या नजरेला भीत होती, ती स्वतःच तोंड लपवून बसली होती.

"अगं, निरोप माझा होता," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या चार रोपांसाठी. मला वाटलं तू मला..."

"तुला? तुला कशाला?"

दोघी अंधारात एकमेकींना चाचपत जवळ आल्या आणि गळ्यात पडून रडल्या. तात्या एर्मिनियोचं नाव घेऊन गायला. त्याला वाट दाखवली. मग तोमासाचं नाव घेतलं आणि तिला परत बोलावलं, पुन्हा पुन्हा, लांब गेलेल्या माणसाला पलीकडच्या डोंगरावरून हाक मारावी तसं. पहाटेपर्यंत त्याने हाका मारल्या.

सकाळी एलोइसा पोरीला घेऊन आली तेव्हा तोमासा चुलीपुढेच होती, पण भाकरी थापत होती. तिने लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "हिला टोपरं नाही घातलंस? धुकं किती आहे बाहेर!" एलोइसा दारातच मटकन खाली बसली. तोमासाने पोर उचलून घेतली, मग काळ्या घेवड्याची वाटी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "हे कुणी शिजवलं? मीठ कुठाय?"

"मी," कोपऱ्यातून तात्या म्हणाला. "आजारी माणसाने नावं ठेवायची नसतात."

"मी आजारी नाही," तोमासा म्हणाली, आणि दुसरी वाटी घेतली.

ती एका रात्रीत पूर्वीसारखी झाली असं नाही. पावसाची झड लागली की अजूनही तिचे हात थांबायचे. तेव्हा फिदेन्सिया आपली शिवणाची टोपली घेऊन तिच्याकडे राहायला जायची. दोघी एर्मिनियोबद्दल बोलायच्या, त्याच्या आळशीपणाबद्दल, मिरवणुकीत बेसूर तुतारी वाजवायच्या त्याच्या हौसेबद्दल, आणि हसायच्यासुद्धा.

दोन पावसाळे दरडीवर लेकरं भरभरून आली. तिसऱ्या वर्षी तिथे नेचे उगवले, गवत पसरलं, कमरेएवढी झुडपं उभी राहिली, आणि लेकरं निघून गेली. ती अशीच असतात. जखम भरली की थांबत नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये नदीपलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं तिथे एक कडा घसरला. कुणाला इजा झाली नाही. पुढच्या वर्षी भल्या पहाटे दोघी बायका केळीची पानं घेऊन तिकडे निघाल्या, पुढे तोमासा आणि मागे फिदेन्सिया.