कोंडा आणि इसबगोल

मॅनहोलचं झाकण उघडलेलं होतं, दोरीला बांधलेली बाटली खाली सोडलेली होती आणि नेमका तेव्हाच प्रल्हादच्या पोटात पीळ पडला.

"क्रेग, झाकण लाव."

"आत्ता? बाटली अर्धीसुद्धा भरली नाही, मेट."

"लाव म्हणतोय ना. प्लीज."

उघड्या मॅनहोलपाशी एकट्याने थांबायचं नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. त्याचा जोडीदार क्रेगने बाटली वर ओढली, झाकण सरकवलं आणि फुटपाथवर उभा राहिला. प्रल्हाद व्हॅन घेऊन सुटला. बागेतल्या टॉयलेटला लॉकडाउनचं कुलूप. कॅफेच्या दारावर कागद, आत येऊ नये. शेवटी एका पेट्रोल पंपावरच्या बाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता किल्ली पुढे केली. तो परत आला तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती. नमुना सकाळच्या ठरलेल्या वेळेतलाच चालतो, त्यामुळे त्या ठिकाणचा दिवस वाया गेला. ऑगस्टमधली ही तिसरी खेप होती.

"पाठ पुन्हा?" क्रेगने विचारलं.

"हो. पाठ. जरा आडवा पडून आलो," प्रल्हाद म्हणाला.

प्रल्हाद मेढेकर मिरजेहून मेलबर्नला शिकायला आला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. युनिव्हर्सिटी झाली, टॅक्सी झाली, गोदामातलं काम झालं आणि मग सांडपाण्याचे नमुने घेण्याची ही नोकरी लागली. शहराच्या पश्चिमेला वेरिबीत घर झालं. मिरजेला आणि इथल्या मराठी मंडळात तो "पाणी खात्यात आहे" एवढंच सांगायचा आणि विषय बदलायचा.

त्या वर्षी मात्र या कामाला एकदम मोल आलं. कोव्हिडचा विषाणू माणसाच्या पोटातूनही गटारात उतरतो, त्यामुळे कुठल्या वस्तीत तो शिरलाय हे कधीकधी लोक आजारी पडायच्या आधीच सांडपाण्यातून कळायचं. जुलैत प्रल्हादने आणलेल्या एका बाटलीत तो सापडला आणि दुसऱ्याच दिवशी त्या वस्तीत तपासणीच्या गाड्या उभ्या राहिल्या. टीव्हीवरच्या नकाशात तिथे लाल ठिपका आला. "ही माझी बाटली," तो बायकोला म्हणाला. नोकरीच्या अकरा वर्षांत आपल्या कामाबद्दल घरात तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता.

त्यामुळे डेबराचा फोन आला तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. डेबरा त्याची वरिष्ठ. बाई चांगली होती, पण हुकलेले नमुने तिला वर दाखवावे लागत.

"चार आठवडे बघू, प्रल्हाद. पाठ बरी झाली नाही तर तुला आत घेते. लॅबमध्ये बाटल्या उतरवून घ्यायचं काम आहे. शिक्षा नाही ही."

"मला बाहेरच राहायचंय," तो म्हणाला.

पोटाचं दुखणं सहा वर्षांचं होतं. कॅमेऱ्याची तपासणी झाली होती, आत काही निघालं नव्हतं. आयबीएस, डॉक्टर म्हणाले होते, आतडं हळवं आहे, फायबर वाढवा. बायकोने, स्वरदाने, ते अगदी मनावर घेतलं. कणकेत वेगळा कोंडा, सकाळी दुधात कोंड्याचंच सीरियल, सफरचंद सालीसकट, जेवताना कच्च्या कोबीची कोशिंबीर. पोट बिघडलं की ती कोशिंबीर वाढवायची. त्याचं पोट आणखी बिघडायचं.

डेबराच्या फोननंतर त्याने आहारतज्ज्ञाची वेळ घेतली. भेट फोनवरच होती. घरात लेकीची, मितालीची, शाळा ऑनलाइन, स्वरदाच्या मीटिंगा, म्हणून तो ड्राइव्हवेमध्ये गाडीत जाऊन बसला. हेलन नावाच्या त्या बाईंनी त्याला दिवसभराचं खाणं विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"फायबर भरपूर खाता तुम्ही," ती म्हणाली. "पण कुठलं?"

"म्हणजे? फायबर म्हणजे फायबर."

"दोन प्रकार असतात. एक पाण्यात विरघळतं, एक विरघळत नाही. घरी इसबगोल आहे?"

"ते बद्धकोष्ठावर घेतात. मला तर उलट त्रास आहे."

"घरात असेल तर एका ग्लासात ते घाला, दुसऱ्यात कोंडा. वर पाणी. अर्ध्या तासाने बघा."

शनिवारी सकाळी त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले. स्वरदा आणि मिताली दोघी बघायला आल्या. अर्ध्या तासाने इसबगोलाचा गुळगुळीत लगदा झाला होता. ग्लास तिरका केला तरी पाणी सुटत नव्हतं. कोंडा मात्र होता तसाच, खाली बसलेला, फक्त भिजलेला. प्रल्हादने चमचा फिरवला. कोंड्याच्या टोकदार कपच्या गरगर फिरल्या आणि पुन्हा तळाशी बसल्या.

त्याला कुणी आणखी समजावून सांगायची गरज उरली नाही. काय पाण्यात मिसळतं, काय पाणी धरून ठेवतं आणि काय जसंच्या तसं वाहत जाऊन कडेला घासतं, हे तो अकरा वर्षं रोज बघत होता.

"सहा वर्षं मी हे आत ढकलतोय," तो म्हणाला.

"Gross," मिताली म्हणाली आणि आत गेली.

स्वरदा मात्र ग्लासाकडे बघतच राहिली. "म्हणजे मीच तुला आजारी पाडत होते."

"तू कशाला? डॉक्टरने फायबर सांगितलं, तू फायबर दिलंस. कुठलं ते कुणीच सांगितलं नाही."

"रोज कोबी चिरत होते रे मी. तुझ्यासाठी." तिने कोंड्याचा डबा उचलला आणि कचऱ्यात रिकामा करायला निघाली.

"थांब, तुम्हाला दोघींना चालतो की तो. मला नको एवढंच."

तिने डबा परत फळीवर ठेवला, पण त्या दिवशी ती फारशी बोलली नाही. संध्याकाळी त्याच्या पानात मऊ भात आणि साल काढलेल्या दुधी-गाजराची भाजी आली. तिने फक्त विचारलं, "शिजलीय ना नीट?"

मग प्रल्हादने आततायीपणा केला. इसबगोल चांगलं म्हणून दिवसाला तीनदा दोन-दोन चमचे. चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

"अर्ध्या चमच्याने सुरुवात करा, असं म्हणाले होते मी," हेलन फोनवर म्हणाली. "आठवड्याने थोडं वाढवायचं, आणि भरपूर पाणी प्यायचं. दुसरं असं की, विरघळणारं सगळंच तुम्हाला चालेल असं नाही. राजम्यातही ते असतं, पण राजमा गॅस करतो. कांदाही तसाच. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा."

तो वहीत लिहायला लागला. ओट्स, बरं. कांदा घातलेले पोहे, वाईट. साल काढून शिजवलेलं सफरचंद, वाईट. याचं त्याला फार वाईट वाटलं. बटाटा, बरा. स्वरदा त्याच्याआधी वही उघडून बघायची आणि त्याप्रमाणे भाजी ठरवायची. दुसऱ्या आठवड्यात एक नमुना हुकला. तिसऱ्यात एकही नाही. दुखणं गेलं नव्हतं, पण आता ते येण्याआधी जरा कळायचं.

चौथ्या आठवड्यात पश्चिमेकडच्या एका लहान गावाचा नमुना आणायचं काम निघालं. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला. प्रल्हादने डेबराला फोन केला.

"मी जातो."

"तुझी पाठ?"

व्हॅनमध्ये शेजारी क्रेग बसला होता. प्रल्हादने फोन स्पीकरवरून काढला नाही.

"पाठ कधीच नव्हती, डेबरा. पोट आहे. आयबीएस. अचानक जावं लागतं. मला सांगायची लाज वाटली. औषधपाणी, खाणंपिणं सगळं चालू आहे, आणि वाटेतली टॉयलेट कुठे आहेत ते मी शोधून ठेवलंय. अर्धा तास लवकर निघू. नमुना हुकणार नाही."



"आधी सांगितलं असतंस तर रूट तसाच आखला असता," डेबरा म्हणाली. "जा. पोचलास की कळव."

क्रेगने गॉगल डोक्यावर सरकवला. "आणि मी महिनाभर ती जड झाकणं एकट्याने उचलतोय. तुझ्या पाठीसाठी."

"सॉरी, मेट."

"उद्यापासून तू उचल."

दुसऱ्या दिवशी दीड तासाच्या प्रवासानंतर पीळ आलाच. प्रल्हाद म्हणाला, "पुढच्या ट्रक स्टॉपला थांब," आणि क्रेग थांबला. दहा मिनिटांत ते पुन्हा रस्त्याला लागले. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी ते त्या गावात पोचले. झाकण प्रल्हादने उचललं. बाटली खाली सोडली, भरून वर घेतली, पुसली, बर्फाच्या पेटीत ठेवली. कुंपणापलीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थाने मास्क सावरत विचारलं, "आहे का काही?"

"उद्या कळेल," प्रल्हाद म्हणाला.

त्या बाटलीत काहीच निघालं नाही, गाव सुटलं. पण ते कळलं दुसऱ्या दिवशी. तेव्हा फक्त गार वारा होता आणि व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. प्रल्हादने डबा उघडला. मऊ भात, लाल भोपळ्याची भाजी, वर थोडं तूप. जरा लांब उभा राहून क्रेग खिम्याचा पफ खात होता. त्याचं केव्हाच संपलं. नमुना वेळेत परत न्यायचा होता, तरी त्याने प्रल्हादला घाई केली नाही. किल्ली खिशात घालून तो कुंपणाला टेकून उभा राहिला. प्रल्हाद भाताचा एकेक घास सावकाश चावत राहिला.