दुबईचा उतार

आबाजींनी जन्मभर आंबेनळी घाटात एस्टी चालवली. निवृत्त होऊन पोलादपूरच्या वरच्या वाडीत गुरं पाळायला लागले, तरी जगातल्या कुठल्याही गोष्टीचा उलगडा ते चढ-उतारावरूनच करत. त्यांची लेक दिशा दुबईत नर्स होती. तिने आईबापांची विमानाची तिकिटं काढून पाठवली, तेव्हा आबाजी चष्मा लावून ओटीवर बसले आणि जरा वेळाने मांडीवर थाप मारून ओरडले, "बायजा, दुबई खाली हाय गो!"

"कशाच्या खाली?" बायजाबाईंनी चुलीपासून विचारलं.

"आपल्या! जाताना मुंबईसून चारला निघायचं, साडेपाचला दुबई. दीड तास. येताना दहाला निघालं की अडीचला मुंबई. साडेचार तास! म्हंजे जाताना उतार, येताना चढ."

दूध न्यायला आलेले शेजारी महिपती म्हणाले, "विमानाला घाट लागतो?"

"लागणारच. एकोणीसशे किलोमीटर सपाटी असते काय कुठं?"

बायजाबाईंना गाडी लागायची. एवढा उतार म्हटल्यावर त्यांनी लिंबं आणि पिशव्या पदरात बांधूनच घेतल्या.

विमान सुटलं वेळेवर. पण साडेपाच वाजले तरी खाली नुसता समुद्र. आबाजी चुळबुळायला लागले. शेवटी त्यांनी हवाई सुंदरीला थांबवलं. "ताई, गाडी लेट हाय. ड्रायवर नवीन हाय काय?"

ती हसली आणि रसाचा पेला देऊन गेली.

"एवढा उतार, आणि हा ब्रेकवर पाय ठेवून बसलाय," आबाजी पुटपुटले.

बायजाबाई दुसऱ्यांदा पुलाव मागून खात होत्या. "मला जरा पण मळमळलं नाय. तुमच्यापरीस बरा चालवतोय."

आबाजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं, ते थेट दुबईपर्यंत.

विमान उतरलं तेव्हा त्यांच्या मनगटावर सात वाजले होते. बाहेर दिशा दिसताच ते कडाडले, "दीड तास लेट!"

"नाही हो बाबा, वेळेवर आलात." तिने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. साडेपाच. "इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं."

आबाजी घड्याळाकडे बघतच राहिले. "उशीर झाला की घड्याळ मागं करतात? आमच्या डेपोत ही सोय असती, तर मला एकही मेमो मिळाला नसता."

घरी गेल्यावर दिशाने संत्रं आणि बॅटरी घेऊन पृथ्वी कशी फिरते, सूर्य कुठे आधी उगवतो, सगळं समजावलं. आबाजी मान हलवत होते. मधेच त्यांची मान थांबली.

"म्हंजे मी रोज सकाळी सहाला तुला फोन करतो, तवा इथं…"

"साडेचार."

"इतकी वर्षं तुला झोपेतनं उठवतोय? बोलली नायस कधी!"

"रागावला असतात," दिशा म्हणाली आणि संत्रं सोलायला लागली.

पंधरवड्याने चढ चढून दोघं वाडीवर परतली. दुसऱ्या दिवशी आबाजींनी म्हैस पिळली, चहा घेतला आणि फोनला हात न लावता शहाण्यासारखे गप्प बसून राहिले. सव्वासहाला फोनच वाजला.

"बाबा, काय झालं?" पलीकडून दिशा घाबऱ्या आवाजात विचारत होती. "बरं वाटत नाही का? फोन का नाही केलात?"